कानाची खाच

केराबाईच्या सुनेनं, सोनमनं, मेंढरांच्या लशीची आठवण करून देणारं सॉफ्टवेअर बनवलं. पण कुणी ते उघडलं की कॉम्प्युटर ‘बनवणारा अनोळखी’ म्हणून हटकायचा. आता सोनमच्या नावाचं डिजिटल सर्टिफिकेट आलं होतं. त्या सर्टिफिकेटनं सॉफ्टवेअरवर सही केली की ‘अनोळखी’च्या जागी तिचं नाव दिसणार होतं.

सॉफ्टवेअर विकणारा सोलापूरचा कुमार मंद्रूपला त्यांच्या घरी आला. "मावशी, सर्टिफिकेटची फाईल आन् पासवर्ड माझ्याकडं द्या. सही मीच करतो."

केराबाई फणकारली. "कोकराच्या कानाला वळखीची खाच पाडायचा आमचा चाकू भावकीलाबी देत न्हाय आमी. तू कोण रं टिकोजी? उद्या चोरीच्या मेंढरालाबी आमचीच खाच मारशील!"

"मग मी विकणार न्हाय."

"नगं विकू. बाजार काय तुझ्या बापाचा हाय?"

तो गेल्यावर सोनम सर्टिफिकेट आपल्या मशिनीत घेऊ लागली. पडद्यावर एक रिकामी चौकट आली. "आत्याबाई, हितं टिक केलं, तर सहीची किल्ली, म्हंजी आपला चाकूच, पुढं कुणालाबी मशिनीतनं बाहेर काढता येती."

"ऱ्हाऊ दे रिकामी," केराबाई म्हणाली. "आन् येत्या बाजाराला हे विकाया मी येते संगं. बघू की, सोनम कोण म्हणून कोण इचारतंय!"