दोन मिलिमीटरची अक्कल

१.२

ग्रीसमधल्या पेरामाच्या गोदीत लेथवर काम करणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही. मलाही ठाऊक होती. तरी मी जे केलं ते केलं. म्हणून पहिली थोबाडीत स्वतःच्या मारून घेते आणि मग इतरांकडे वळते. इतरांसाठी हात अजून शिवशिवतो आहे.

माझे बाबा, स्ट्रातिस, चाळीस वर्षं जहाजांच्या इंजिनखोल्यांत फिटर होते आणि तेवढीच वर्षं दिवसाला तीन पाकिटं ओढत होते. मे महिन्यात डॉक्टरने त्यांना त्यांच्याच छातीचा फोटो दाखवला. "आमच्या जुन्या बोटीचं धुराडं यापेक्षा स्वच्छ होतं," एवढंच म्हणून ते घरी आले आणि सिगारेट सोडली. सोडली म्हणजे, सिगारेटऐवजी ओढायला मी त्यांना वाफेची टाकी करून दिली.

अंगठ्याएवढी पोलादी टाकी, भोवती काच. आत तारेचं वेटोळं, वेटोळ्यातून ओवलेला कापूस, कापसाची दोन टोकं खालच्या खाचांत. टोकं टाकीतलं निकोटिनचं लिक्विड पितात, वेटोळं बॅटरीवर तापतं, वाफ होते. वेटोळ्याच्या बरोबर खाली हवेचं भोक. सिगारेटसारखा घट्ट झुरका हवा असेल तर १.२ मिलिमीटर. मी १.२ पाडलं. बाबांनी पहिला झुरका घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "डोक्सा, पोरी, हे चालेल."

कापूस मात्र ते स्वतः भरत. आम्हा टाकीवाल्यांत तो नियमच आहे. दुसऱ्याची टाकी हातात घ्यावी, ओढून बघावी, मनसोक्त नावं ठेवावीत. कापसाला हात लावू नये. भर पंगतीत दुसऱ्याचं धोतर सोडल्यासारखं दिसतं ते.

उन्हाळा छान गेला.

एक थेंब

सप्टेंबरमध्ये टाकी गळली. एक थेंब. पांढऱ्या सदऱ्याच्या खिशावर, डाव्या छातीशी, प्रोद्रोमोसच्या कॉफीच्या दुकानात, शनिवारी, सगळ्यांसमोर.

"काय रे स्ट्रातिस," कोपऱ्यातल्या टेबलावरून मास्तर म्हणाले, "दूध सुटलं की काय?"

दुकान हसलं. बाबाही हसले. त्यानंतर टाकी गळायची थांबली. बाबा म्हणाले, "गळती मी काढली." कशी, ते मी विचारलं नाही. चाळीस वर्षं ज्याने गळती काढली त्याला काय विचारायचं?

ऑक्टोबरपासून झुरक्याला जळक्या चिंधीची चव यायला लागली.

१.५

आता मास्तर. खरं नाव पेरिआंद्रोस, मास्तर हे नुसतं म्हणायचं. विम्याच्या कचेरीतून निवृत्त. आयुष्यात पाना धरला नाही, पण शनिवारी प्रोद्रोमोसच्या कोपऱ्यातल्या टेबलावर प्रत्येक नव्या टाकीचा निकाल तेच देणार. टाकी कानाशी नेऊन हलवतात. नाकाशी धरतात. मग डोळे छताला लावून ओढतात आणि अख्खं दुकान श्वास रोखून बसतं, जणू पोप निवडला जातोय. दर अर्ध्या तासाने त्यांना टेलिफोन करायला बाहेर जावं लागतं. परततात ते तोंडात पुदिन्याची गोळी चघळत. का, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही, कारण त्यांनी आपल्या टाकीला चांगलं म्हणावं असं प्रत्येकाला वाटतं. मलासुद्धा.

बाबांच्या टाकीचा निकाल असा:

"हवा कोंडते आहे. बिचारं वेटोळं गुदमरतंय. डोक्सा, मुली, तू बोटींचे भाग करतेस, ठीक आहे. पण हे श्वासाचं काम आहे. भोक वाढव."

आणि मी, जिने एका शतांश मिलिमीटरसाठी ग्रीसच्या निम्म्या कप्तानांशी भांडणं केली आहेत, मुकाट्याने घरी आले आणि भोक वाढवलं.

"कसं वाटतंय, बाबा?"

"बरं आहे."

"खरं सांगा."

"चिंधी जरा पातळ जळतेय."

दुसऱ्या दिवशी बाबांनी कोपऱ्यावरच्या टपरीतून सिगारेटचं पाकीट आणलं. उघडलं नाही. घरातल्या संत एफ्स्ट्रातिओसच्या चित्राला टेकवून ठेवलं.

"हे काय?" मी विचारलं.

"तेरा डिसेंबरला माझ्या नावाच्या संताचा दिवस. तोपर्यंत तुझं यंत्र सुधारलं तर ठीक. नाही तर त्या दिवशी कॉफीबरोबर एक ओढीन."

"एक?"

"एक."

छातीचा फोटो दोघांनीही पाहिला होता. एक म्हणजे किती, हे दोघांनाही कळत होतं.

२.०

मास्तर म्हणाले, अजून. मी अजून पाडलं.

जास्त हवा म्हणून जास्त वाफ, जास्त वाफ म्हणून जास्त तहान, आणि पाजणारं कुणी नाही. चिंधी आता झक्क जळायला लागली. मी नवीन वेटोळं बसवलं. जाड तार लावून बघितली. खाचा रुंद केल्या. वेटोळं बसतं तो डेक नवा कापला. वरचा घुमट नवा, पितळी. मोजपट्टी घेऊन दोन महिने मी धातूमध्ये दोष शोधत होते, कारण मला धातूच कळतो. वेटोळं बदलायचं झालं तरी बाबा आधी आपला कापूस आपल्या हाताने काढून खिशात टाकत आणि मग मला टाकी देत. लोहाराला सगळीकडे लोखंडच दिसतं. गाढवाला काय दिसतं ते मला आता ठाऊक आहे.

तेरा डिसेंबर

ज्याच्या संताचा दिवस, त्याने सगळ्यांना द्यायचं. बाबांनी प्रोद्रोमोसच्या दुकानात साखरेत घोळलेल्या कुराबिएदेस बिस्किटांची परात मांडली. सगळ्यांना कॉफी, वर एकेक पेला त्सिपुरो, आमची कडक दारू. जो तो "खूप वर्षं जगा, स्ट्रातिस" म्हणत होता. पाकीट बाबांच्या वरच्या खिशात होतं. डाव्या.

मास्तर पिठीसाखर मिशीला लावून बसले होते. "अडीच," ते म्हणाले. "स्ट्रातिस, तिला अडीच पाडायला सांग."

"अडीचमधून माझा अंगठा जाईल," बाबा म्हणाले. त्यांनी कॉफी पुढे ओढली, टाकी तोंडाला लावली. "शेवटचं बघू."

एक झुरका. दुसरा. तिसरा. चेहरा वाकडा.

मला कुणी विचारेल की नेमकं त्याच वेळी का लक्षात आलं. कारण हातात मोजपट्टी नव्हती. कारण पहिल्यांदाच मी धातूकडे न बघता काचेकडे बघत होते. झुरका घेतला की काचेत बुडबुडा वर यायला हवा. लिक्विड खाली उतरतं, त्याची जागा हवा घेते. तीन झुरके झाले. बुडबुडा आला नाही. आतलं लिक्विड तळ्यासारखं शांत.

बाबांचा हात खिशाकडे गेला.

"द्या ती इकडे," मी म्हटलं. टाकी घेतली, उघडली, खिशातला चिमटा बाहेर काढला.

"डोक्सा!" प्रोद्रोमोस ओरडला. "दुसऱ्याचा कापूस!"

"असंस्कृत," मास्तर म्हणाले.

चिमट्याने कापूस ओढला तर कापूस येईना. टाकीच उचलली गेली. दुसऱ्या हाताने टाकी दाबून धरली आणि ओढला, तेव्हा खजुराच्या बीसारखा कडक तुकडा बाहेर आला. टोकांना ओला. मध्ये कोरडा, तपकिरी, भाजलेला. खाचांत तर थरावर थर, तिरके कापून, बोथट सळईने ठोकून बसवलेले.

हे काम मी ओळखलं. मी बारा वर्षांची असताना याच हातांनी मला ते शिकवलं होतं. जहाजाच्या पंख्याच्या दांड्याभोवती, समुद्र आत येऊ नये म्हणून, दोरी अशीच ठोकून भरतात; त्याला ग्लँड भरणं म्हणतात.

"बाबा. तुम्ही ग्लँड भरलीत?"

"गळत होती," बाबा म्हणाले. टेबलाकडे बघत.

"एक थेंब!"

"सगळ्यांसमोर."

मी मास्तरांकडे बघितलं. ते साखर झटकत होते.

"आणि दांड्याची ग्लँड भरताना काय सांगायचात मला?" मी विचारलं. "मिनिटाला दोन थेंब पडू दे. का?"

बाबांनी कॉफीचा कप बाजूला सरकवला.

"का, बाबा?"

"थेंब नसेल तर दांडा जळतो," ते म्हणाले. मग तो कापसाचा तुकडा दोन बोटांत फिरवून बघितला. "गाढव आहे मी."

"आपण दोघं."

नवा कापूस त्यांनी स्वतःच घेतला. निम्मा काढून टाकला. वेटोळ्यातून अलगद ओढला, तार न हलता सरकेल इतका. टोकं माझ्या केसांच्या पिनेने विंचरली आणि खाचांत नुसती ठेवली, ठोकली नाहीत. त्यांचा अंगठा तीनदा दाबायला पुढे गेला आणि तीनदा मागे आला. टाकी भरली. ओढली.

डुबुक. मोठा, गोल, बेशरम बुडबुडा.

बाबांनी वाफ सोडली. "हवा फार आहे," ते म्हणाले. "पण चिंधी नाही."

"तेच तर मी सांगत होतो!" मास्तर टेबलावर थाप मारून म्हणाले. "हवा मोकळी केली, म्हणून कापूस मोकळा करायला सुचलं. नाहीतर तुम्ही..."

बाबांनी खिशातून पाकीट काढलं आणि परातीशेजारी मास्तरांपुढे ठेवलं. "घे. आज माझा दिवस आहे, माझ्याकडून. तुला टेलिफोन करायचा असेल ना?"

दुकान हसलं. मास्तर हसले नाहीत. पाकीट मात्र घेतलं.

१.२

सोमवारी मी २.० च्या भोकात पितळेचा बुश ठोकून ते बुजवलं आणि त्यात १.२ चं नवं भोक पाडलं. बाबा शेजारी उभे होते.

"बुश घट्ट बसव," ते म्हणाले.

"मला शिकवू नका."

शनिवारी प्रोद्रोमोसकडे कॉफी पिताना बाबांच्या पांढऱ्या खिशावर टाकीचा एक थेंब पडला. मास्तरांनी तो बघितला. बाबांनी मास्तर बघताहेत हे बघितलं, टाकी तोंडाला लावली, आणि थेंब पुसला नाही.