नऊ थांब्यांची ट्रॉलीबस

आमचे बाबा, झाप्र्यान, बल्गेरियातल्या रुसे शहरात एकतीस वर्षं ट्रॉलीबस, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारी बस, चालवत होते. आई गेल्यावर वर्षभरातच ते एका सकाळी पाव आणायला निघाले आणि दुपारी डॅन्यूब नदीच्या धक्क्यावर सापडले. घरचा रस्ता आठवेना. थोरली बहीण स्नेझिना त्यांच्याकडे राहायला आली. मी फक्त रविवारी जायचो.

ताई सकाळी कवळ्या बनवायच्या कामाला जायची आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटरवर खेळ रचायची. हे खेळ ज्यावर चालायचे तो कन्सोल, म्हणजे खेळाचं यंत्र, मात्र कुठल्या कारखान्यात कधी बनलाच नव्हता. तो फक्त सॉफ्टवेअरमध्ये होता, अगदी जुन्या यंत्रासारखा: सोळा रंग, आगपेटीएवढी चित्रं. त्याच्यासाठी हौशी माणसं घरबसल्या खेळ करतात. ताईने बाबांसाठी एक केला. त्यांचाच मार्ग, नऊ थांबे. जुने खेळ चालवणाऱ्या इम्युलेटरचं एक हातात मावणारं स्वस्त यंत्र आणून तिने तो त्यात घातला. बाबांना बटणं हवी होती, काचेवर बोट फिरवणं त्यांना जमत नसे.

पहिल्याच दिवशी बाबा कडाडले, "कुणी केलंय हे? बाजाराच्या आधी शाळा येते!"

"चुकलं बाबा. उद्या बदलते."

"आणि वळणावर एवढ्या वेगात? तार सुटेल की वरची!"

ताई हसत सगळं लिहून घेत होती. कित्येक महिन्यांनी त्या स्वयंपाकघरात कुणी हसलं असेल.

हिवाळ्यात बाबांचे थांबे चुकू लागले. प्रवासी राहिले की पडदा लाल व्हायचा. मग बाबा टेबलावर मूठ आपटायचे, कधी रडायचेही. एका रविवारी मी यंत्र हातात घेतलं, तर खेळात सहाच थांबे.

"ताई, बाकीचे कुठे गेले?"

"काढले."

"म्हणजे तू त्यांना फसवतेस."

"मग काय, रोज नापास करू?" ती ताटं विसळत होती, वळलीसुद्धा नाही. "तू आठवड्यातून एकदा येतोस, चीज भरलेली गरम बानित्सा खातोस आणि मला शहाणपण शिकवतोस. ये की राहायला."

मी गेलो नाही.

फेब्रुवारीत दोनच थांबे उरले. लाल पडदाही तिने काढून टाकला. एका थांब्यावर हिरव्या कोटातली एक बाई उभी असे. आईचा तसा कोट होता. बाबा तिला रोज गाडीत घ्यायचे, दार लावण्याआधी क्षणभर थांबायचे. 

मार्चमधल्या एका रविवारी मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. त्यांनी गाडी त्या थांब्यावरून सरळ पुढे नेली.

"बाबा, ती बाई राहिली."

"कोण बाई?"

"हिरव्या कोटातली."

त्यांनी पडद्याकडे निरखून पाहिलं. "असेल कुणीतरी," म्हणाले. "मागून दुसरी गाडी येते."

ताई दारात उभी होती. तिने ऐकलं होतं. ती बाल्कनीत गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली. मी उठून तिच्यामागे जायला हवं होतं.

उन्हाळ्यात बाबांना वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. ताईने बॅगेत यंत्र घातलं, चार्जरही. दोन आठवड्यांनी तिथल्या नर्सबाईंचा फोन आला, "हे घेऊन जा. त्यातली हलणारी माणसं बघून ते घाबरतात."

मी आणायला गेलो. बाबा मान खाली घालून गार काकडीचं सूप पीत होते. माझ्याकडे पाहिलं, ओळख नाही, पण रागही नाही. यंत्र खिशात टाकून मी गाडीत येऊन बसलो. 

घरी ताई टेबलाशी बसली होती. यंत्र पुढे ठेवलं, तिने त्याला हात लावला नाही.

"जेवले का?"

"हो. सगळं संपवलं."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि मला ताट वाढायला उठली.