टेंगळांचे बूट

बुटांच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढलेल्या बाईला बूट कसा असावा हे शिकवायला कुणी जाऊ नये. तिच्या मुलाने नेमकं तेच केलं, आणि तेसुद्धा पंचविशीतल्या एका पोरीला मध्ये घालून.

बाई कारखान्यात शेवटच्या टेबलावर असे. शिवून, चिकटवून, पॉलिश होऊन आलेला प्रत्येक जोड तिच्या हाताखालून गेल्याशिवाय खोक्यात पडत नसे. काचेवर जोड ठेवायचा, बोटाने टाच दाबायची, डुगडुगली की नापास. डाव्या-उजव्यात केसाचा फरक दिसला की नापास. कारण सांगायची भानगड नव्हती. जोड मागच्या टोपलीत भिरकावायचा आणि ज्याने तो केला त्याच्याकडे चष्म्यावरून बघायचं, बस्स. कामगार तिला नापासबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. निवृत्तीनंतर टेबल सुटलं, पण सवय पिशवीत घालून ती घरी घेऊन आली. शेजारणीचे पडदे नापास, सुनेचा चहा नापास, डॉक्टरांचं अक्षर नापास. नवरा तर लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात नापास झाला होता आणि पन्नास वर्षं टोपलीतच पडून होता. पोस्टात शिक्के मारून निवृत्त झालेला तो गरीब माणूस. त्याला मत म्हणून काही असेल अशी शंकाही तिला कधी आली नाही.

दोन वर्षांपूर्वी बाईच्या गुडघ्यांनी दगा दिला. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही, चोपन्न पायऱ्या. तेव्हापासून बाई फक्त डॉक्टरांकडे जायला खाली उतरे, आणि तेही कुणाच्या तरी खांद्याला लटकून. बाकी सगळं नवरा आणे. दूध, भाजी, औषधं, वीजबिलाची पावती. आणलेलं पास होईलच असंही नाही. मऊ पडलेले टोमॅटो, चुकीच्या रंगाचा दोरा, असलं काही निघालं की ते घेऊन त्याने पुन्हा खाली जायचं.

"आई, बाबा दिवसाला किती वेळा चढउतार करणार?" मुलाने एकदा विचारलं.

"त्यांना काय धाड भरलीय?" बाई म्हणाली. "जन्मभर खुर्चीत बसून शिक्के मारले. जरा पाय मोकळे होतात."

मुलाचं घर गावाच्या टोकाला, तळमजल्यावर. मागच्या बाजूला एक खोली रिकामी होती. तुम्ही दोघं तिथे या, असा त्याचा वर्षभराचा धोशा. बाईला ती खोली नुसती आठवली तरी नको व्हायचं. आपल्या घरात चमचा कुठे, सुई कुठे, कुठल्या खिडकीची कडी जोरात ओढावी लागते, हे तिच्या हातांना न बघता कळायचं. तिथे गेल्यावर सुनेला विचारावं लागणार होतं, "अगं, चहाची साखर कुठे ठेवलीस?" जगाला धारेवर धरणारी ही बाई या एका प्रश्नाला मनापासून भीत होती. तिने ते कुणाला सांगितलं नाही, एवढंच.

गुडघ्यांच्या ऑपरेशनला हृदयाच्या डॉक्टरांनी सध्या साफ नकार दिला होता. मग मुलाने कुठून तरी तो दवाखाना शोधला. चिरफाड नाही, इंजेक्शन नाही, फक्त बूट. मायलेकात करार ठरला. बारा आठवडे बूट घालायचे. त्यानंतर बाई आपल्या पायांनी, कुणाला न धरता, चोपन्न पायऱ्या उतरून पुन्हा चढली तर विषय संपला. नाही जमलं तर मुकाट्याने मुलाकडे, तळमजल्यावरच्या खोलीत.

"बघच तू," बाई म्हणाली. "नाचत चढेन."

दवाखान्यातल्या त्या पंचविशीतल्या पोरीने आधी बाईला एका लांब रबरी पट्ट्यावर अनवाणी चालवलं. पट्ट्याला तारा, तारांना कॉम्प्युटर, कॉम्प्युटरवर रंगीबेरंगी पावलं. बाईने हा सगळा थाट ओठ मुडपून सहन केला. मग पोरीने बूट आणले, आणि बाईच्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं. वरून साधे, बरे, शिवणही ठीक. पण तळाला प्रत्येकी दोन रबरी अर्धगोल बसवलेले, एक टाचेखाली आणि एक चवड्याखाली.

"ही टेंगळं कसली?"

"यांना पॉड म्हणतात, काकू. स्क्रूने बसवलेत, पुढेमागे, आतबाहेर सरकवता येतात. ते जिथे असतील त्यावर गुडघ्याच्या कुठल्या भागावर भार येणार ते ठरतं. शिवाय पाऊल थोडं डळमळतं, त्यामुळे मांडीच्या स्नायूंना सांभाळून घ्यायची सवय लागते."

"म्हणजे मुद्दाम डुगडुगणारा बूट."

"हो, तसंच समजा."

"चौतीस वर्षं मी असले बूट फेकून दिले, पोरी."

पोरगी हसली. ती हसली हे बाईला अजिबात आवडलं नाही. पोरीने बूट घालून चालवलं, पाना काढला, उजव्याचं टेंगूळ जरासं बाहेर सरकवलं, पुन्हा चालवलं, डाव्याचं मागे घेतलं. असं चार-पाच वेळा. शेवटी म्हणाली, "आता घरात रोज अर्धा तास घालायचे आणि नेहमीची कामं करायची. दर आठवड्याला थोडा वेळ वाढवायचा. चार आठवड्यांनी मला दाखवायला या. आणि पॉडना हात लावायचा नाही."

दोन दिवस बाईने बूट घातले. आश्चर्य म्हणजे ओट्यापाशी उभं राहताना नेहमीची कळ आली नाही. बाईने त्याचं श्रेय नव्या तेलाला दिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने बूट उलटे करून टेबलावर ठेवले आणि नीट पाहिले. मग मात्र तिचं डोकं फिरलं. उजव्याचं टाचेचं टेंगूळ बाहेरच्या कडेला आणि डाव्याचं जवळजवळ मधोमध. पुढची दोन्हीही एका रेषेत नाहीत. काम असं? कारखान्यात असला जोड करणाऱ्याची तिने दुसऱ्या दिवशी झाडू मारायला बदली करवली असती. पोरीने पाना इकडेतिकडे फिरवला आणि जमेल तसं सोडून दिलं, यात बाईला तिळमात्र शंका उरली नाही. कॉम्प्युटर दाखवून लोकांना गुंडाळायचं, आणि हातात कसब शून्य!

"अहो, जरा इकडे या. हा बूट घट्ट धरा."

नवऱ्याने बूट धरला. बाईने कपाटातून आपली जुनी पोलादी पट्टी काढली, पान्याने स्क्रू सैल केले, मापं घेतली.

"अगं, ती म्हणाली होती हात लावू नका," नवरा हळूच म्हणाला.

"तुम्ही बूट धरा. बुटांतलं मला कळतं."

तासाभरात चारही टेंगळं अशी बसली की काचेवर ठेवले तर डाव्याने उजव्याकडे बघून मान डोलवावी. देखणा जोड झाला. दोन्ही अगदी सारखे. बाईने तो स्वतःच्या मनात पास केला, आणि बऱ्याच दिवसांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

पुढे व्हायचं तेच झालं. आठवड्याभरात उजवा गुडघा ठणकू लागला. बाईने दात ओठ खाऊन रोजचा वेळ वाढवला, कारण करार म्हणजे करार. चौथ्या आठवड्यात दाखवायला जायचं होतं, ती गेली नाही. गेलं की पोरगी पुन्हा वाकडंतिकडं करून ठेवणार! दवाखान्यातून फोन आला तेव्हा तिने नवऱ्याला सांगायला लावलं की सगळं उत्तम चाललंय. नवऱ्याने तसं सांगितलं. दहाव्या आठवड्यात तिने जिना उतरून पाहिला. नवव्या पायरीवर कठडा धरून उभी राहिली ती उभीच. नवऱ्याने येऊन वर नेलं. त्या दिवशी ती टेंगळांना, पोरीला, मुलाला आणि जगातल्या यच्चयावत कॉम्प्युटरना संध्याकाळपर्यंत शिव्या घालत होती. मग स्वयंपाकघरातल्या डब्यांकडे बघत बसली.

बारा आठवड्यांनी तिघं दवाखान्यात गेली. बाईने वाटेतच भाषण तयार केलं होतं, आणि खुर्चीत टेकण्याआधी ते सुरूही केलं. "तुझे बूट शुद्ध फसवणूक आहेत. मी नेमाने घातले. होतं ते दुखणं वाढलं."

पोरीने तिला पट्ट्यावर चालवलं. कॉम्प्युटरकडे बघून तिच्या कपाळावर आठी पडली. मग तिने बूट उचलून उलटे केले.

"हे कुणी बदललं?"

मुलगा लगेच वडिलांकडे वळला. त्याच्या लेखी दुसरी शक्यताच नव्हती. "बाबा! तुम्हाला नसत्या उचापती कुणी सांगितल्या? सांगितलं होतं ना हात लावू नका म्हणून?"

नवरा आपल्या पायांकडे बघत राहिला. अशा वेळी त्याच्यावर खापर फुटायचं आणि तो ते फुटू द्यायचा, ही घरातली जुनी व्यवस्था होती. बाईला एवढंच करायचं होतं की गप्प बसायचं. दोष नवऱ्याचा, बूट चांगले, बारा आठवडे नव्याने, घर वाचलं. सगळं आयतं समोर आलं होतं. पण चुकलेल्या कामगाराने चूक दुसऱ्यावर ढकलली की तिला त्याची जेवढी किळस येई तेवढी वाईट शिवणीचीही येत नसे. ती किळस या घडीला तिला स्वतःची आली.

"मी केलं," ती म्हणाली. "ते सारखे नव्हते. मी सारखे केले."

"आई, तू?" मुलगा आता आईकडे वळला.

पोरगी आता हसली नाही. "काकू, तुमचा उजवा गुडघा आतल्या बाजूने पार झिजलाय. डावा बराच बरा आहे. दोन्ही गुडघे वेगळे, तर दोघांना एकच माप कसं चालेल?"

बाईकडे उत्तर नव्हतं. कामावर असताना समोरच्याला उत्तर नसलं की तिला मजा वाटायची. आपणच त्या जागी उभं असलो की कसं वाटतं ते तिला आज कळलं, आणि ते भलतंच वाईट होतं.

पोरीने पाना काढून टेंगळं पुन्हा बसवायला घेतली. मुलगा भिंतीवरचा गुडघ्याचा तक्ता बघत राहिला. मग म्हणाला, "ठीक आहे. आणखी बारा आठवडे घे. तोवर खोलीचा विषय काढत नाही."

म्हणजे जिंकली. चूक कबूल करूनही जिंकता येतं, हे तिला त्र्याहत्तराव्या वर्षी समजलं. लगोलग त्याचाही तोरा मिरवायच्या बेतात ती होती. तेवढ्यात पोरगी म्हणाली, "काका, तुम्हीही जरा चालून दाखवता का? मघाशी दारातून आलात तेव्हा मला वाटलं..."

"मला काही नाही," नवरा म्हणाला.

"असंच. दोन फेऱ्या."

त्याने चपला काढून भिंतीशी ठेवल्या आणि तो पट्ट्यावर चालू लागला. बाईने पाहिलं. डाव्या पायावर तो वजन टाकतच नव्हता. टाकल्यासारखं करायचं आणि घाईघाईने उजव्यावर यायचं, असं चाललं होतं. वळताना त्याचा हात आपोआप भिंतीकडे गेला. यासाठी कॉम्प्युटर लागत नव्हता, चष्मासुद्धा लागत नव्हता. कारखान्यात कालच लागलेल्या पोराने हा फरक दारातूनच ओळखला असता.

"कधीपासून दुखतंय, काका?"

"झालं असेल दीड वर्ष. जिने जरा जास्त होतात, इतकंच."

मुलाने आईकडे पाहिलं आणि नजर फिरवली. त्याने दोन शब्द सुनावले असते तर बाईला सोपं गेलं असतं.

"अहो, मग बोलायचं नाही का?" तिचा आवाज चढला, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

"बोललो होतो. एकदा जेवताना. तू म्हणालीस, माझ्यासमोर गुडघ्याचं नाटक नको, खरा गुडघा काय असतो ते मला विचारा."

ती असं म्हणाली होती की नाही हे तिला आठवेना. पण वाक्य तिचंच होतं, यात शंका नव्हती. लाज वाटण्याचा सराव नसल्यामुळे हातांचं काय करायचं ते तिला कळेना.

"तुम्हाला कुठे राहायचंय?" तिने विचारलं.

पन्नास वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता, त्यामुळे नवऱ्याने वेळ घेतला. "खाली, याच्याकडे," तो म्हणाला. मग पुढचंही सांगून टाकावं असं त्याला वाटलं असावं. "खरं सांगू? तू ते बूट सारखे करायला बसलीस ना, तेव्हा एकदा अडवलं. पुन्हा नाही अडवलं. म्हटलं, हिचा गुडघा नाही सुधारला तर बरंच. तुझं वाईट व्हावं म्हणून नाही गं. मला आता वर चढवत नाही."

एरवी या कबुलीवर तिने त्याला आठवडाभर सोललं असतं. आता तिला फक्त त्या चोपन्न पायऱ्या दिसत होत्या, आणि हातात टोमॅटोची पिशवी घेऊन पुन्हा खाली जाणारा हा माणूस.

"खोलीला रंग लावून घे," ती मुलाला म्हणाली. "आम्ही महिनाअखेरीला येतोय." मग उरलेलंही एका दमात सांगून टाकलं. "आणि सूनबाईला सांग, साखर कुठे ठेवते ते मला दाखवून ठेव म्हणावं."

मग ती नवऱ्याकडे वळली. तो चपला पायात सरकवत होता.

"थांबा. काढा त्या," ती म्हणाली. "अजून एकदा चाला. नीट बघू दे मला."