बारा बुधवार

"बाराही बुधवार भरा. प्रत्येक नावापुढे 'हजर', आणि खाली तुमची सही." साहेबांनी कोरा हजेरीपट मास्तरांच्या पुढ्यात सरकवला.

"पण साहेब, यातला एकही बुधवार झाला नाही."

"कार्यक्रम तुम्हीच आखला होता ना? मंजूरही झाला होता. मग झाला म्हणायचं."

मास्तरांनी पेन उचललं. अग्निशमन दलात त्यांची एकोणतीस वर्षं गेली होती. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यांच्याकडे प्रशिक्षण सोपवलं, तेव्हापासून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. गेल्या वर्षी त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून सव्वा महिना तो कार्यक्रम लिहिला होता. "आपल्या लग्नाच्या वेळी तरी एवढं मन लावलं होतं का?" बायकोने विचारलं होतं. आधी त्यांनी जुन्या आगींच्या नोंदी चाळल्या; कोण कुठे अडकलं, का अडकलं, ते काढलं. मग ठरवलं, बारा बुधवार, सहा-सहांच्या तुकड्या करून दर वेळी सगळे जवान. मैदानावरची शोभेची कवायत बंद. मागच्या खोलीत धूर करायचा, मास्क लावून आत सोडायचं, भिंतीला हात लावून रांगत बाहेर यायला लावायचं. आणि पाठीवरच्या सिलिंडरची शिट्टी ऐकवायची. ती वाजली की हवा संपत आली. पुढे कोणीही असो, मागे फिरायचं. ती ओळ त्यांनी दोनदा अधोरेखित केली होती.

पहिल्या बुधवारी जवान पाहुण्यांच्या बंदोबस्ताला गेले. दुसऱ्या बुधवारी सिलिंडर भरून आले नाहीत. तिसऱ्या बुधवारी धुराच्या खोलीत ऑफिसची मोडकी कपाटं येऊन पडली. मास्तरांनी पाच अर्ज केले. पाचव्यावर 'पाहू' असा शेरा आला आणि मग त्यांनीच नाद सोडला. सहावा अर्ज केला असता तर, हा विचार आता त्यांना जेवू देत नव्हता.

नऊ दिवसांपूर्वी गाद्यांच्या गोदामाच्या तळघरात आग लागली. सगळ्यात उंच म्हणून ज्याला 'शिडी' म्हणायचे, तो जवान आत गेला तो परत आलाच नाही. त्याच्या मागे असलेला जोडीदार दवाखान्यात मास्तरांचा हात धरून रडला होता. "शिट्टी वाजली हो मास्तर. तो म्हणाला, मास्क बिघडला वाटतं. आणि गेला पुढे. मलाही तसंच वाटलं."

"मास्तर," साहेबांचा आवाज खाली आला, "चौकशीवाले पहिलं कोणाला धरतील? प्रशिक्षण कोणाकडे होतं?"

मास्तरांना पाच अर्जांची आठवण झाली. त्या अर्जांच्या सगळ्या प्रती साहेबांच्याच कपाटात होत्या.

त्यांनी बारा सह्या केल्या. शिडीच्या नावापुढे बारा वेळा 'हजर' लिहिताना पेन अडखळेल असं त्यांना वाटलं होतं. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

महिन्याभराने अहवाल आला. प्रशिक्षणाचा कार्यक्रम उत्तम असून इतर केंद्रांनीही तो राबवावा, असं त्यात म्हटलं होतं. पुढे एक ओळ होती : पूर्ण प्रशिक्षण मिळूनही मृत जवानाने धोक्याच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले.

त्याच आठवड्यात शिडीची बायको त्याचं सामान न्यायला आली. मास्तरांनी कपाट उघडून दिलं. दोन शर्ट, कंगवा, एक टॉवेल. तिने टॉवेल नीट घडी करून पिशवीत ठेवला.

"मास्तर, तुम्ही शिकवलं होतं ना यांना? शिट्टीचं?"

मास्तरांनी कपाटाच्या दाराला हात टेकला.

"साहेबांनी मला अहवाल वाचून दाखवला. बारा वेळा शिकवलं म्हणे." ती खालमानेने बोलत होती. "घरी कधी बोलले नाहीत ते. तसे धांदरटच होते, सासूबाईही म्हणतात. पण तुम्हाला फार मानायचे हो. तुम्ही एवढं जीव तोडून शिकवलंत, आणि यांनी असं… तुमच्या नावाला बट्टा लागला. राग धरू नका त्यांच्यावर."

"ताई, तसं नाही…"

"तुम्ही मोठ्या मनाचे आहात," ती म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली.

मास्तर तिच्या मागे दारापर्यंत गेले. "ताई!" त्यांनी हाक मारली. ती वळली. डोळे पुसून, काय म्हणतात ते ऐकायला उभी राहिली. आवारात बंब धुणं चालू होतं. दोघे-तिघे जवान इकडेच बघत होते.

"सोडायला गाडी सांगू का?"

"नको. जाईन मी चालत."

पाण्याचा पाईप आवारात आडवा पसरला होता. पाईपवर पाय द्यायचा नाही, हे दलात पहिल्याच दिवशी शिकवतात. बाहेरची माणसं त्याच्यावर खुशाल पाय देऊन जात. ती मात्र त्याच्यापाशी थांबली, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि पाय उंच उचलून, त्याला धक्का न लावता, पलीकडे गेली.