किलोमीटरला बारा क्वाचा

योताम म्वालेने आपल्या टेम्पोच्या दोन्ही दारांवर पांढऱ्या रंगात, स्वतःच्या हाताने लिहिलं : 'मयत गावी पोचवणे. किलोमीटरला बारा क्वाचा. परतीचं भाडं नाही. घासाघीस नाही.' अक्षर काही धड नव्हतं. शेवटचा शब्द मावेना म्हणून तो दाराच्या कडेला खाली उतरला होता. पण चिपाटा शहरातल्या शवागाराबाहेर लागणाऱ्या गाड्यांत अंगावर भाव लिहिलेली ती पहिलीच गाडी.

तोवर तिथे भाव ठरलेला नसे, माणूस पाहून लागत असे. आंब्याखालच्या बाकावर ड्रायव्हर बसलेले असत. दवाखान्यातून कुणी डोळे पुसत बाहेर आलं की त्यांची नजर आधी त्या माणसाच्या पायांकडे जाई. बूट चांगले दिसले की भाडं चढे. योतामही त्यांच्यातलाच. पण मागच्या वर्षी त्याची बायको तिसा राजधानीत, लुसाकाच्या दवाखान्यात वारली. तिला गावी आणायला गाडी ठरवताना तिथल्या ड्रायव्हरने योतामच्या बुटांकडे पाहिलं. ते पाहणं योतामला चांगलंच ओळखीचं होतं. तिसाला पोचवून परतल्यावर त्याने रंगाचा डबा आणला.

"हे काय लिहून ठेवलंस?" लामेकने विचारलं. लामेक बाकावरचा सगळ्यांत जुना ड्रायव्हर. दहा वर्षं दोघं एकाच ताटात मक्याची न्शिमा जेवत आलेले.

"भाव."

"गिऱ्हाइकाला भाव दिसतोय. आम्हाला आमच्या पोटावर दिलेला पाय दिसतोय."

"तूही लिही."

"म्हणजे सगळे मिळून उपाशी मरू, नाही का? वहिनी गेल्यापासून तुझं डोकं ठिकाणावर नाही, योताम."

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं योतामला पुढे वाटलं. तो बाकावर बसला की एकेकाला काही ना काही काम आठवे. जेवायला घालणारी मावशी त्याचं ताट वेगळं वाढू लागली. 'तेच तसं सांगतात रे बाबा, मी काय करू,' म्हणाली. तो ताट घेऊन टेम्पोत बसे. मक्याच्या त्या घट्ट गोळ्याचा घास मोडायचा, पालेभाजीत बुडवायचा, आणि समोरच्या काचेकडे बघत गिळायचा.

गिऱ्हाईक मात्र वाढलं. लोक यायचे, दारावरचं वाचायचे, मान हलवायचे. शवपेटी मागे चढायची, बायका पेटीभोवती बसून गाणी धरायच्या, आणि गाडी निघायची. योतामच्या ध्यानात यायला बरेच दिवस गेले, की आता त्याच्याशी कुणी बोलतच नाही. पूर्वी घासाघीस तासभर चालायची. भाडं उतरावं म्हणून लोक सगळं सांगायचे. गेलेला कसा होता, किती लेकरं मागे ठेवून गेला, शेवटी काय खायला मागितलं. गाडी निघेपर्यंत योतामला तो माणूस निम्मा माहीत झालेला असे. आता लिहिलेलं वाचलं की बोलणं संपलं. मागे गाणी आणि पुढे तो एकटा. येताना तर गाणीही नसत.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी एक बाई एकटीच आली. साठीची असेल, डोक्याला हिरवा फडका. दारासमोर उभी राहून तिने एकेक अक्षर लावलं.

"लिहिलंय तेच घेणार का, दादा?"

"तेच."

"वर काही नाही?"

"काही नाही, मावशी. बाकीची माणसं कुठायत?"

"मीच आहे," ती म्हणाली.

पेटी चढवायला योतामने दवाखान्यातल्या दोघा माणसांना हात लावायला बोलावलं. मागे पेटीपाशी बसायला कुणीच नव्हतं, म्हणून बाई पुढे त्याच्याशेजारी बसली. तिचं नाव मालिता. लुंडाझीच्या वाटेवर डांबरी सोडून आतल्या एका गावी जायचं होतं. शहर मागे पडेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "मी काल दिवसभर घोकत होते, तुम्हा ड्रायव्हर लोकांपुढे काय काय बोलायचं ते. म्हातारा किती चांगला, नातेवाईक कुणी नाही, जरा दया करा. आणि तुमच्या दारावर सगळं लिहिलेलं. बोलायला जागाच ठेवली नाहीत."

योतामने गिअर बदलला. "आता बोला की. रस्ता लांब आहे."

"भाडं कमी होईल?"

"नाही."

ती हसली. बोलली मात्र. गेलेला झेनास तिचा कुणी नव्हता, भिंतीपलीकडचा शेजारी होता. शाळेवर रखवालदार. "चोराला भ्यायचा नाही, पण बेडकाला भ्यायचा. पावसात दारात बेडूक आला की स्टुलावर चढून मला हाका मारायचा. मालिता, तो आलाय. जसा काही वसुलीवाला." तिच्या कोंबडीवरून दोघं वर्षभर बोलत नव्हते. त्या वर्षीही तिच्या दारातलं पाण्याचं पिंप तो रोज भरून ठेवायचा, आणि आपण भरलं असं कबूल करायचा नाही. गावाचं नाव तेवढं त्याने तापात सांगितलं होतं. तिथे पोचव म्हणाला होता.

योताम ऐकत होता. मध्येच त्याने विचारलं, "चहा कसा घ्यायचा?" कशाला विचारलं ते त्यालाच कळलं नाही.

"मीठ घालून," मालिता म्हणाली. "वेडाच होता."

गावात झेनासला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. मुखियाने त्याच्या बापाचं नाव ऐकलं, थोडा विचार केला आणि दफनभूमीतली जागा दाखवली. कबर खणायला मात्र दोनच म्हातारे होते. तरणी माणसं तंबाखूच्या मळ्यांवर गेलेली. इकडे पाऊस नोव्हेंबरात; तो अजून पडायचा होता, जमीन लोखंडासारखी. पेटी उतरवली की योतामचं काम संपत होतं. त्याने गाडी वळवलीसुद्धा. आरशात एक म्हातारा कुदळीवर रेलून धापा टाकताना दिसला. योतामने गाडी बंद केली, सदरा काढून सीटवर टाकला आणि कुदळ हातात घेतली.

माती ढकलायची वेळ आली तेव्हा मालिताने एकटीनेच गाणं धरलं. आवाज चिरका होता. शेजारच्या झोपड्यांतून चार बायका आल्या आणि तिच्या मागे गाऊ लागल्या. योतामला ते गाणं येत होतं, तिसाच्या वेळी म्हटलेलं. तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. आज तो गायला, आणि मध्येच त्याला कबरीच्या कडेला बसावं लागलं. म्हाताऱ्यांना वाटलं, दमला. त्यांनी पाणी आणून दिलं.

परतताना मालिता झोपून गेली. तिच्या वस्तीपाशी ती उतरली आणि म्हणाली, "बरे राहा, दादा." पंधरवड्याने तो मुद्दाम त्या वाटेने गेला, तेव्हा खोलीला कुलूप होतं. पेताऊकेला लेकीकडे गेली, असं कुणीतरी सांगितलं. केव्हा येईल ते कुणाला माहीत नव्हतं.

त्यानंतर गाडी निघण्याआधी योताम विचारू लागला, "कोण होते?" कुणी दोन वाक्यं सांगत. एक बाई पुढे येऊन बसली आणि वाटभर रडत बोलत राहिली. एका माणसाने मात्र तोडून टाकलं, "भाव लिहिलाय ना? मग चौकशी कशाला?" योताम 'बरं' म्हणाला आणि गाडी चालू केली.

पाऊस सुरू झाला त्या आठवड्यात लामेकच्या गाडीवर अक्षरं उमटली. रंगाऱ्याकडून काढून घेतलेली, सुबक. किलोमीटरला अकरा क्वाचा. लामेकने योतामकडे बघितलं नाही. योतामने आपल्या दारावरचा भाव तसाच ठेवला. त्या दिवशी सकाळपासून दोन कुटुंबं आली, दोन्ही गाड्यांवरचं वाचलं आणि लामेककडे गेली. योताम काच वर करून आत बसून राहिला. बाहेर बाकावरची माणसं कशावरून तरी हसत होती. काचेतून ते ऐकू येत नव्हतं.