हरभऱ्यातली काळी छत्री

मी एक जुनी छत्री आहे. मित्रांनो, वऱ्हाडावरचं आभाळ आजवर खाली पडलं नाही ते माझ्यामुळेच, हे मी नम्रपणे नमूद करते. सध्या मी भातकुलीच्या एका हरभऱ्याच्या शेतात बांबूला बांधलेली आहे आणि माझ्या डोक्यावर एक साळुंकी बसते.

माझा जन्म साहेबाच्या राज्यातला. काड्या विलायती, मूठ वेताची. अकोल्याच्या जठारपेठेत फुलं विकणाऱ्या खुशालरावांनी मला घेतलं. उन्हात मी झेंडूवर असे, पावसात त्यांच्यावर.

त्यांच्या पत्नी गोदाबाई भातकुलीच्या. लग्नाला नऊ वर्षं झाली, तरी माहेरी थंडीत उतरणारे करकोचे पुन्हा एकदा पाहावे, एवढीच त्यांची ओढ. दर साली बेत ठरे, दशम्या बांधल्या जात आणि खुशालराव अंगणात जाऊन वर पाहत.

"ढग हाये. आज नाई."

"अवो, थो ढग नाई, भट्टीचा धूर हाये!"

"धुरातूनबी पडते कदी कदी."

दशम्या घरीच संपत.

एका माघात गोदाबाईंच्या भावाचा, शेषरावांचा निरोप आला: तळं आटत आलं, चार दिवसांत पक्षी जातील. आभाळ सकाळी निळं, दुपारी काळं, चहाच्या वेळी पुन्हा निळं. खुशालरावांनी गाठोडं तीनदा सोडलं. चौथ्यांदा गोदाबाईंनी मला काखेत मारलं.

"तुमी ढग राखत बसा. मी चालली."

खुशालराव चपला शोधत मागून आले.

बडनेऱ्यापर्यंत आगगाडी, पुढे बैलांची दमणी. दुसऱ्या दिवशी पहाटे शेषरावांच्या हरभऱ्यात धुकं होतं, आणि धुक्याच्याच रंगाचे शेकडो करकोचे. झोपेत चालावं तसे हरभरा टिपत होते. गोदाबाई बांधावर बसल्या. श्वासही जपून घेत होत्या. इतक्यात एक थेंब पडला. एकच. खुशालरावांनी काळजीपोटी मला उघडलं.

फट्!

अख्खं शेत उठलं. आभाळ पंखांनी भरलं. त्या वाऱ्याने माझं कापड कितीतरी वेळ थरथरत होतं.

"उडवले म्या," खुशालराव पुटपुटले.

गोदाबाई वरच पाहत होत्या. "बसलेले त म्या लहानपणी लय पायले. असे कदीच नोयते पायले."

शेषरावांना मात्र फक्त वाचलेला हरभरा दिसला. "भाऊजी, छत्री इथंच ठेवून जा!"

तेव्हापासून मी इथे, बुजगावण्यासारखी कायम उघडी. करकोचे येतात, मला पाहून दूर उतरतात. मला ते पुन्हा जवळून पाहायचे आहेत. तेव्हा मित्रांनो, ते आले की मला घटकाभर मिटा. कळ गंजली आहे, आधी तेलाचा थेंब सोडा. खोबरेल नको, मुंग्या होतात.