एक नंबर मोठे जोडे

"सर, असल्या जोड्यांत तुम्ही पहिल्यांदा कोणासमोर पडले होते?"

मी कोचसरांना हे विचारूच शकत नाही, अशी माझ्या मैत्रिणींची, नीतू आणि खुशबूची, पैज होती. विचारलं! सर हसले. "लग्नाच्या वरातीसमोर. घोडाही बघत होता."

क्लिपवाले जोडे म्हणजे तळव्याची पट्टी पॅडलमध्ये खट्‌कन बसते आणि पाय सायकलला चिकटतो. सोडवायला टाच बाहेर फिरवायची, तीही थांबायच्या आधी. आठवड्यात मी चार वेळा पडले. त्यातली एक गुपचुपच्या ठेल्यासमोर, अख्खी नववी-ब पाणीपुऱ्या तोंडात कोंबत असताना! जोडे मोठ्या बहिणीचे, अनुजाताईचे, एक नंबर मोठे. मी आत दोन-दोन मोजे घालायची.

रविवारी दुर्गला सायकलिंगची ट्रायल होती. बाबा रेल्वेच्या चरोदा यार्डात कामाला आहेत. त्यांनी आधीच बजावलं होतं, "रेल्वेत तुह्या नावाची एकही तक्रार आली ना भाग्यश्री, सायकल कुलपात."

शुक्रवारी सकाळी प्रॅक्टिसला उशीर झाला आणि रेल्वेचं फाटक बंद. आमच्या कॉलनीत बंद फाटकाला कोणी थांबत नाही, भाजीची पिशवी घेऊन काकूसुद्धा वाकून जातात. मी डावा पाय जमिनीवर ठेवला, उजवा क्लिपमध्येच राहू दिला आणि दांड्याखालून शिरले.

पहिल्याच रुळावर चाक अडलं. सायकल उजवीकडे कलली आणि मी धाडकन रुळांमध्ये.

"अरे, क्लिपवाली फिर गिरी!" मागून कोणीतरी ओरडलं. मीपण हसले.

तेवढ्यात मालगाडीचा भोंगा वाजला.

टाच फिरवली. पाय जोड्यात गोल फिरला, जोडा जागचा हलला नाही. परत फिरवली. तेच! फाटकवाले रामाजीकाका लाल झेंडा घेऊन गाडीच्या दिशेनं पळत होते आणि मागे वळून ओरडत होते, "जोडा सोड, पोरी! पाय काढ!" जोड्याचा पट्टा सायकलीखाली दबला होता. बोटं घालून ओढला, पाय उपसला आणि एका पायात जोडा, एका पायात नुसते मोजे, अशी पळाले. गाडी चार खांब अलीकडे थांबली. आता कोणी हसत नव्हतं.

काकांनी सायकल बाहेर ओढली. "देवरावची पोरगी ना तू? जाय. कोणाले सांगू नको." वॉकीटॉकीवर ड्रायव्हर विचारत होता, गाडी का थांबवली. वळणावरून त्याला फक्त झेंडा दिसला होता. काका म्हणाले, "गाय होती साहेब."

संध्याकाळी बाबा चहा घेताना आईला सांगत होते, "रामाजीले नोटीस भेटली. फाटक बंद होतं तं गाय घुसली कशी, साहेब म्हणते. फाटक उघडंच ठेवलं असन, म्हणते. चार महिन्यांत रिटायर होऊन राहिला बिचारा, अन् तोंडातून शब्द काढून नाही राहिला."

सलवारीखाली माझा गुडघा ठणकत होता. चूप बसले, तर रविवार माझा.

"चहा घे ना, थंडा होऊन राहिला," आई म्हणाली.

मी उभी राहिले.

"बाबा, गाय नव्हती. मी होती. बंद फाटकाखालून घुसली अन् पाय अडकला. सायकल कुलपात टाकायची तं टाका. पण उद्या सकाळी मी तुमच्यासंग स्टेशन मास्तरकडे येऊन राहिली, अन् सांगीन मीच."